हजार किलोमीटर नकोत, वीस फूट तार द्या!

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की पूर्वी सोन्याच्या भावाची चर्चा होई. पुढे जागांच्या भावाची होऊ लागली. हल्ली आमच्या वसई-विरारकडे तिसराच विषय निघतो. चकली मोडता मोडता कोणीतरी म्हणतो, "विजेची गाडी घ्यायची आहे हो, पण थांबलोय. ती नवी बॅटरी येऊ दे. एकदा चार्ज केली की हजार किलोमीटर!" बाकीचे माना डोलावतात. दुसरा म्हणतो, "मी पण थांबलोय." हा 'थांबलोय' शब्द अशा काही ऐटीत उच्चारला जातो की, थांबणे हेही एक कर्तृत्वच आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे.

या थांबण्याविरुद्ध मला लिहायचे आहे. नवी बॅटरी येणारच नाही असे माझे म्हणणे नाही. ती येईल. माझे म्हणणे एवढेच की, ज्या वस्तूसाठी आपण थांबलो आहोत तिची आपल्यापैकी बहुतेकांना गरज नाही. आणि जिची गरज आहे ती मागण्याचे धाडस मात्र आपल्याला होत नाही. हजार किलोमीटरच्या स्वप्नाने डोळ्यांवर अशी झापड आणली आहे की जिन्याखालचा विजेचा बोर्ड आपल्याला दिसेनासा झाला आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तुम्हाला यातले काय कळते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु लाइटबिल माझ्याही घरी येते, आणि या विषयाला लागणारे गणित त्या बिलावरच्या गणिताहून काही फार अवघड नाही.

प्रथम ही नवी बॅटरी म्हणजे काय ते पाहू. आजच्या गाड्यांत असते ती लिथियम-आयन जातीची बॅटरी. जपानच्या सोनी कंपनीने ती १९९१ साली बाजारात आणली; तुमच्या हातातला मोबाइल चालतो तोही तिच्याच जोरावर. तिच्या मूळ संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफसाहेब ९७ वर्षांचे होते. आमच्या खात्याने त्यांना ५८ व्या वर्षीच नारळ दिला असता! असो. या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एक द्रव असतो. लिथियमचे भारित कण त्या द्रवातून ये-जा करतात. बॅटरी भरताना इकडून तिकडे आणि गाडी चालताना तिकडून इकडे. हा द्रव ज्वालाग्राही असतो. तो काढून त्याच्या जागी घन पदार्थाचा थर घालायचा, अशी नवी कल्पना आहे. म्हणून तिला सॉलिड स्टेट बॅटरी म्हणतात. ते साधले तर एका टोकाला आज असते ते ग्रॅफाइट काढून तिथे लिथियम धातूचा पातळ पत्रा बसवता येईल, आणि तेवढ्याच वजनात दीडपट-दुप्पट वीज मावेल.

कल्पना सुरेख आहे. अडचणी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर सुरू होतात. बॅटरी भरताना लिथियमच्या बारीक सुया वाढतात, आणि त्या घन थराच्या भेगांतूनही वाट काढून पलीकडे पोचतात. धातू फुगतो, आकसतो. द्रव असता तर त्याने ती पोकळी आपोआप भरून काढली असती, घन पदार्थ कशी काढणार? मग दोहोंमधला संपर्कच तुटतो. त्यातून, ज्या गंधकयुक्त पदार्थांवर अनेक कंपन्यांची मोठी भिस्त आहे, त्यांना हवेतला ओलावा मुळीच सोसत नाही. दमट हवा लागली की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. म्हणजे कारखान्यातली हवा कमालीची कोरडी ठेवायची, आणि तीही बॅटऱ्या लाखांनी निघत असताना. ज्या वसईत श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि तळलेला पापड पान वाढेपर्यंत सादळतो, तिथल्या गृहिणीला या शास्त्रज्ञांचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणूनच वायदे पुढे पुढे जात आहेत. आणि हे आजचे नव्हे. १८८३ साली टॉमस एडिसनने एका मुलाखतीत वीज साठवणाऱ्या बॅटरीची यथेच्छ निर्भर्त्सना केली होती. या बॅटरीच्या नादी लागलेल्या माणसाची थापा मारण्याची सुप्त शक्ती जागी होते, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले. आणि गंमत पाहा, विसाव्या शतकाच्या आरंभी हा गृहस्थ स्वतःच त्या नादी लागला! निकेल आणि लोखंड यांची बॅटरी करून विजेच्या मोटारीचे भाग्य उजळून टाकण्याचे वचन त्याने दिले. १९०३ च्या सुमारास त्याच्या बॅटऱ्या निघाल्या, त्या गळू लागल्या, आणि परत घ्याव्या लागल्या. सुधारलेली बॅटरी तयार होईपर्यंत १९०९ साल उजाडले. ती खरोखरच चिवट निघाली. रेल्वेने आणि खाणींनी ती पुढे कित्येक वर्षे वापरली. पण १९०८ सालीच फोर्डची 'मॉडेल टी' रस्त्यावर आली होती. गिऱ्हाईक एडिसनसाठी थांबले नाही. त्या काळी बिचाऱ्याला थांबण्याची प्रतिष्ठा ठाऊक नसावी.

आजचे वायदे ऐका. घन बॅटरीची गाडी २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आणू, असे टोयोटाने २०१७ साली सांगितले. २०२३ साली तीच कंपनी म्हणाली, २०२७-२८. सॅमसंगचा वायदा २०२७ चा, निस्सानचा २०२८ चा. हे सगळे लबाड आहेत असे मी म्हणणार नाही. २०२५ साली मर्सिडीझने याच वाटेवरची बॅटरी घातलेली गाडी जर्मनीतल्या स्टुटगार्टहून स्वीडनमधल्या माल्मोपर्यंत १,२०५ किलोमीटर नेली, आणि वाटेत एकदाही भरली नाही. ही थाप नव्हे. पण कंपनीच्या माणसांनी जपून चालवलेली एक गाडी निराळी, आणि नायगावच्या गिऱ्हाइकाने हप्त्याने घेतलेली गाडी निराळी. नवी बॅटरी आधी श्रीमंतांच्या गाड्यांत बसेल. मग परदेशातल्या मध्यमवर्गाच्या. मग आपल्याकडे येईल. माझा अदमास विचाराल तर बारा-पंधरा लाखांच्या गाडीत ती दिसायला २०३५ च्या आसपासचे साल उजाडेल. तोवर आज पहिलीत असलेली पोरे कॉलेजात जातील.

आता दुसरी बाजू पाहा. आपण थांबलो होतो त्या वर्षांत गाडीचा पल्ला वाढायचा काही थांबला नाही. २००१ साली बंगलोरला निघालेली रेवा एका भरणीत ८० किलोमीटर जाई. २०२० च्या जानेवारीत टाटांची विजेवरची नेक्सॉन आली. तिच्यात ३० युनिटांची बॅटरी, आणि कागदावर पल्ला ३१२ किलोमीटरांचा. २०२४ साली त्याच नेक्सॉनमध्ये ४५ युनिटांची बॅटरी बसली आणि आकडा ४८९ वर गेला. त्याच वर्षी महिंद्रांनी जी बीई सिक्स दाखवली तिच्यात ७९ युनिटे मावतात, आणि आकडा ६८० च्या पुढे आहे. यांत नवा चमत्कार कोणता? कोणताच नाही. बॅटरीची जात तीच. २०१० साली एक युनिट वीज मावेल एवढ्या बॅटरीला हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ साली जगातली सरासरी ११५ डॉलरांवर आली. पल्ला वाढला तो मुख्यतः बॅटरी स्वस्त झाल्यामुळे. आपण डोळे लावून बसलो होतो पुढच्या दाराकडे, आणि पाहुणा केव्हाच मागल्या दाराने येऊन ओटीवर बसला!

कागदावरचे आकडे रस्त्यावर उतरत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. एसी लावला, गाडी दामटली, मागे सासुरवाडीची चार माणसे बसवली, की तीनशेतले दोनशे हाती लागतात. पण मग दोनशे तर दोनशे! आपल्याला जायचे कुठे असते? विरारहून अर्नाळा आठ-दहा किलोमीटर. वसईच्या बाजारात जाऊन सुकेळी आणि विड्याची पाने घेऊन परत यायचे तर त्याहून फार नाही. विरार ते चर्चगेट लोहमार्गाने ६० किलोमीटर. म्हणजे अगदी फोर्टातल्या कचेरीत रोज गाडीने जाणारा हौशी माणूस धरला तरी जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास. आणि असे हौशी कितीसे? आम्ही विरारकर १९३६ सालापासून विजेच्याच गाडीने मुंबईला जात आहोत. त्या गाडीत बॅटरीचा प्रश्न नाही, पल्ल्याचा प्रश्न नाही. फक्त आत शिरण्याचा आहे.

राहता राहिला गणपती. आमच्याकडचा निम्मा शेजार मूळचा कोकणातला. मालवण, सावंतवाडी म्हटले की पाचशे किलोमीटरांच्या आसपासचा पल्ला, हे खरे. पण त्या रस्त्याने न थांबता पाचशे किलोमीटर जाणारा कोकणी माणूस मी पाहिलेला नाही. माणगावला चहा, चिपळूणला जेवण, मध्ये कोणाची मळमळ, कोणाचा फोटो. गर्दीच्या दिवसांत चार्जिंगला रांग लागेल, हेही मान्य. सीएनजीच्या पंपावर आमचे रिक्षावाले रोज काय करतात? वर्षातल्या या दोन प्रवासांसाठी उरलेले ३६० दिवस चारशे किलोंच्या वर वजनाची बॅटरी पोटात वागवायची, म्हणजे सहा धट्टीकट्टी माणसे डिकीत बसवून रोज कोथिंबीर आणायला जाण्यासारखे आहे. ज्याचा धंदाच लांब पल्ल्याचा आहे, त्या टॅक्सीवाल्याने आणि टेंपोवाल्याने नव्या बॅटरीची वाट अवश्य पाहावी. त्याला तो अधिकार आहे. स्टेशनापासून घरापर्यंत गाडी नेणाऱ्याला नाही.

मग आपले अडते कुठे? आपले अडते गाडी जिथे रात्रभर उभी असते तिथे. नालासोपाऱ्यात, आचोळ्यात, वसईच्या पूर्वेला चार-चार मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. गाड्या खाली, माणसे वर, आणि वीज माणसांच्या घरात. खाली गाडीपाशी एक साधा प्लग नाही. मीटरच्या खोलीपासून गाडीपर्यंतचे अंतर बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस फूट. हजार किलोमीटरचा पल्ला गाठायला निघालेला आमचा समाज या वीस फुटांवर अडून बसला आहे.

मी शाळेत जाण्यासाठी विजेची स्कूटर घेतली आणि खालच्या जागेत माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने एक प्लग बसवू द्यावा असा अर्ज आमच्या सोसायटीकडे केला. अस्तित्वात असलेल्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. तो कागदही जोडला. सभेत एक सद्गृहस्थ म्हणाले, "आज मास्तरांना दिला, उद्या सगळेच मागतील." हा आक्षेप आहे की शिफारस, ते मला अजून कळलेले नाही. दुसरे म्हणाले, "लोड वाढेल." त्यांच्या घरी तीन एसी आहेत. पण खरा तोफगोळा सेक्रेटरींनी डागला. "मास्तर, दोन वर्षांत ती नवी बॅटरी येतेच आहे. मग महिन्यातून एकदा बाहेर कुठेतरी चार्ज करायची. आत्तापासून भिंती कशाला फोडायच्या?" सभेने टाळ्या वाजवल्या. विषय पुढच्या सभेवर गेला.

म्हणजे पाहा, नवी बॅटरी अजून कारखान्यातून निघालेली नाही, पण तिचा उपयोग सुरू झाला आहे! आजचे काम उद्यावर ढकलायला तिच्याएवढे उत्तम साधन दुसरे नाही. कंपन्यांच्या जाहिरातींवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. त्या खोटे बोलतात म्हणून नव्हे. त्यांचे अर्धे खरे आमच्या आळसाला आयते कारण पुरवते म्हणून.

आणि हा आळस निरुपद्रवी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये याच वसईत एका घरात रात्री विजेच्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. तिचा स्फोट झाला. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. त्या घराने बॅटरी आत का आणली, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. त्या आईबापांना कोणी प्रश्न विचारावा असेही मला वाटत नाही. पण आमच्या इमारतींत शेकडो माणसे स्कूटरची बॅटरी उपसून जिन्याने वर नेतात आणि रात्री बैठकीच्या खोलीत, मुलांच्या अंथरुणाशेजारी लावतात, ती हौसेने नव्हे. खाली सोय नाही म्हणून. त्या वर्षी देशात अशा आगी ठिकठिकाणी लागल्या, तेव्हा सरकारने डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. चांगले केले. पण चाचणी बॅटरीची झाली. ती भरण्याच्या जागेची कोण करणार? ज्या सोसायट्या 'आग लागेल' म्हणून खाली प्लग देत नाहीत, त्या ती आग उचलून माणसांच्या झोपायच्या खोलीत पाठवतात. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे, आणि कोणाला झोंबले तर झोंबू द्या.

लागणार ते काय? गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा प्लग. त्याला मीटरपासून निराळी, पुरेशा जाडीची तार. खरे अर्थिंग, नावापुरते नव्हे. आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच. अशा प्लगमधून तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज जाते. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत चोवीस युनिटे. एका युनिटाला गाडी सहा किलोमीटर गेली असे धरा, म्हणजे माणूस उठून दात घासेपर्यंत एकशे चाळीसच्या वर किलोमीटर गाडीत भरलेले असतात. रोज! कोणत्या नव्या रसायनाची, कोणत्या नोबेलवाल्याची यात गरज लागली? विरार-चर्चगेट जाऊन-येऊन यात बसते. स्कूटरला तर याच्या दशांशही नको.

आता माझ्याच बाजूच्या अडचणीही सांगतो. आमच्या शहरातल्या सगळ्याच इमारतींत उद्या सकाळी प्लग ठोका, असे मी म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची एक इमारत कोसळून सतरा माणसे गेली. जिथे भिंतीच भरवशाच्या नाहीत, तिथल्या तारांचा काय भरवसा? अशा ठिकाणी आधी जाणत्या वायरमनला दाखवून जुनी वायरिंग तपासावी लागेल, वीजभार वाढवून घ्यावा लागेल. शिवाय आपल्याकडे पाणी भरते. जुलै २०१८ च्या पुरात वसईचे वीज उपकेंद्रच पाण्यात गेले होते आणि शहर अंधारात बसले होते. तेव्हा प्लग छातीएवढ्या उंचीवर हवा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी, चाळींसाठी महापालिकेने आणि महावितरणाने खांबाखांबावर सोय केली पाहिजे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राची भाषा आहे. महामार्गाला ते अवश्य द्या. पण महामार्गावर कोणी झोपत नाही. गाडी दिवसाचे वीस-बावीस तास उभी असते ती गल्लीत.

आणि वीज नाही असे तर आमच्या जिल्ह्यात कोणी म्हणूच नये. १९६९ साली देशातली पहिली अणुवीज याच जिल्ह्यात, तारापूरला निघाली. डहाणूच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबई उजळते. कोळशाची वीज जाळून हवा कशी सुधारणार, असा मुद्दा काही विद्वान काढतात. त्यात तथ्य आहे, तथापि विजेची मोटार खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग चाकापर्यंत पोचवते, आणि पेट्रोलची मोटार बराच मोठा भाग उष्णतेत घालवते. घोडबंदरच्या अलीकडे महामार्गावर दोन तास अडकलेल्या मोटारींच्या मागे उभे राहून ज्याने श्वास घेतला आहे, त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढल्या सभेची नोटीस लागली आहे. दिवाळी झाल्यावर दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, गच्चीवर. विषयपत्रिकेत माझा अर्ज सातवा आहे. सहावा विषय फाटकाला रंग कोणता द्यावा हा असल्यामुळे सातव्यापर्यंत सभा पोचेल किंवा कसे, हे सांगता येत नाही. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनीही अर्ज दिले आहेत. त्यांतले एक एसीवाल्या गृहस्थांच्या धाकट्या मुलाचे आहे.